लोकप्रिय मताविरुद्ध लेख कसा लिहावा: चंद्रपूरच्या दारूबंदीवर एक सराव

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली. त्याआधीची काही वर्षं तिथल्या बायका मोर्चे काढत होत्या, चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. अशा वातावरणात बंदीविरुद्ध चार ओळी लिहिणारा माणूस आपोआप दारू दुकानदारांच्या रांगेत जाऊन बसायचा. सहा वर्षांनी, मे २०२१मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली. मग बंदीच्या बाजूने लिहिणारा भाबडा ठरू लागला.

या विषयावर मराठीत दोन्ही बाजूंनी पुष्कळ छापून आलं. त्यातलं बहुतेक लिखाण मात्र ज्यांना ते आधीच पटलेलं होतं त्यांच्यासाठीच लिहिलेलं वाटतं. लोकांना मनापासून पटलेली एखादी गोष्ट तुम्हाला चुकीची वाटते आणि तुमचा लेख त्याच लोकांनी शेवटपर्यंत वाचावा अशी इच्छा आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. टाळ्या मिळवायच्या असतील तर याची गरज नाही, त्याला सोपे रस्ते आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: लोकप्रिय मागणीच्या पोटात जवळजवळ नेहमीच एक खरं दुखणं असतं. लेखकाचं भांडण औषधाशी असावं. दुखण्यालाच खोटं म्हणणारा लेख पहिल्या परिच्छेदात हरतो.

आधी मताचे तुकडे करा

लेखाला बसण्यापूर्वी एका कागदावर समोरचं मत लिहून काढा. 'दारूबंदी हवी' हे मत वरवर एक दिसतं, पण त्यात निदान चार विधानं आहेत. दारूने घरं उद्ध्वस्त होतात. ते थांबवणं सरकारचं काम आहे. विक्री बंद केली की पिणं कमी होतं. आणि बंदीमुळे जे नवं नुकसान होईल ते या फायद्यापेक्षा लहान असेल.

आता यातलं तुम्हाला अमान्य काय आहे? बहुतेकांना पहिलं मान्य असतं, दुसरंही बऱ्याच अंशी मान्य असतं, वाद असतो तो तिसऱ्या-चौथ्याशी. तरीही लेख सुरू होतो 'पिणं ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे' असा, म्हणजे थेट पहिल्या विधानावर वार. ज्या बाईच्या घरात मजुरीचे पैसे येण्याआधीच संपतात तिला ही 'वैयक्तिक बाब' ऐकवून तुम्ही काय मिळवलं? तिचा राग आणि तिच्या बाजूच्या सगळ्या वाचकांचा राग.

अमान्य असलेल्या विधानाखाली रेघ मारा. लेख फक्त त्या रेघेवर लिहायचा. बाकीची विधानं मान्य आहेत हे लेखात स्पष्ट आणि लवकर म्हणायचं. हे म्हणताना 'मान्य आहे, पण' असं एका दमात म्हणू नका. मान्य असलेल्या गोष्टीला स्वतःचं पूर्ण वाक्य द्या, शक्य तर परिच्छेद द्या. 'पण'च्या आधीचं सगळं वाचक औपचारिकता म्हणून सोडून देतो.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो आणि खाऊ द्यावा.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय, १० वरून १२ वर्षांवर नेलं. त्या वादात आगरकर कायद्याच्या बाजूने आणि टिळक विरुद्ध, हे शाळेतच शिकवलं जातं. त्यातून अनेकांचा समज होतो की टिळकांना बालविवाह हवे होते. प्रत्यक्षात मुलींची लग्नं १६ वर्षांच्या आत करू नयेत अशी प्रतिज्ञा लोकांनी आपणहून घ्यावी, ही सूचना टिळकांनीच मांडली होती. त्यांचा आक्षेप असा की सुधारणा समाजाने स्वतः करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. मला स्वतःला आगरकरांची बाजू पटते, कारण समाज आपणहून सुधारेपर्यंत ज्या मुली मरतात त्यांना थांबायला सांगणारे आपण कोण? पण 'टिळक बालविवाहाचे समर्थक' असं लिहून आगरकरांची बाजू घेणारा लेख टिळकांच्या खऱ्या मुद्द्याला हातच लावत नाही. 'कायदा की प्रबोधन' हा मुद्दा तर आजही दर दुसऱ्या वादात परत येतो.

चंद्रपूरला हीच कसोटी लावा. मोर्चात चाललेल्या बाईची बाजू तुमच्या शब्दांत १५० शब्दांत लिहा. 'बायकांच्या भावना समजण्यासारख्या आहेत' हे चालणार नाही. भावना म्हटलं की विचार आपल्याकडे आणि अश्रू त्यांच्याकडे, अशी वाटणी होते. तिचा युक्तिवाद लिहा: दुकान गावात असलं की रोजची मजुरी हातात पडल्यापासून घरी पोहोचेपर्यंत मोह वाटेतच उभा असतो, दुकान २० किलोमीटरवर गेलं तर रोज पिणारा आठवड्यातून एकदा पिईल, आणि मुख्य म्हणजे, आज नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला तिच्या हाती काही नाही, बंदी आली की कायदा तिच्या बाजूला येतो. हा शेवटचा मुद्दा दमदार आहे. बंदीच्या विरोधकांच्या लेखांत तो मला क्वचितच दिसतो.

हा परिच्छेद त्या बाजूच्या कुणाला तरी वाचायला द्या. 'हो, आम्ही हेच म्हणतोय' असं उत्तर आलं तर पुढे जा. लिहून झाल्यावर तुमचंच मत डळमळलं तर लेख बदला किंवा सोडून द्या. तसं होण्याची शक्यता नसेल तर हा टप्पा तुम्ही मनापासून केलेला नाही.

आकडा हाती आला की आधी त्याच्याशीच भांडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एक आकडा आला आणि तो बंदीविरोधकांच्या फार कामी आला. १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण बिहारमध्ये १५.५ टक्के, महाराष्ट्रात १३.९ टक्के. बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून पूर्ण बंदी. म्हणजे बंदीच्या राज्यात पिणारे जास्त! मथळा तयार.

थांबा. दोन राज्यांची तुलना करून बंदीचा परिणाम कळत नाही, कारण बंदीआधीही दोन्ही राज्यांत पिण्याचं प्रमाण वेगळं होतं. विचारायचा प्रश्न असा: बिहारमध्ये बंदीआधी किती होतं? चौथ्या फेरीत बिहारचा आकडा यापेक्षा बराच जास्त होता. म्हणजे बंदीचा समर्थक त्याच पाहणीतून 'बघा, प्रमाण घटलं' म्हणू शकतो. पण त्यालाही थांबवायला हवं. चौथ्या फेरीच्या तक्त्यात वयोगट १५ ते ४९ होता, पाचव्या फेरीत १५ आणि त्यावरील सगळे; दोन आकडे शेजारी ठेवताना ही दुरुस्ती करावी लागते. शिवाय जिथे पिणं गुन्हा आहे तिथे दारात आलेल्या पाहणी करणाऱ्याला 'हो, पितो' असं किती जण सांगतील?

इतकी कुस्ती झाल्यावर जे उरतं ते लिहायचं: बंदीच्या राज्यातही दर सहा-सात पुरुषांमागे एक जण पिण्याची कबुली देतो, म्हणजे दारू पोहोचते आहे, पिणं कमी झालं असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही. मथळ्याला हे वाक्य मिळमिळीत वाटेल. पण या वाक्यावर कुणी तुम्हाला पकडू शकणार नाही, आणि लोकप्रिय मताविरुद्ध लिहिणाऱ्याला पकडण्यासाठी अर्धा गाव टपलेला असतो.

दुसरा सापळा गुन्ह्यांच्या नोंदींचा. बंदीनंतर अवैध दारूचे गुन्हे वाढले, असं सर्रास लिहिलं जातं. साहजिक आहे! कालपर्यंत जे कायदेशीर होतं ते आज गुन्हा झालं, तर गुन्हे वाढणारच. ती संख्या पोलिसांनी किती धाडी घातल्या हे सांगते, लोक किती प्यायले हे नाही.

तिसरा सापळा विषारी दारूचा, आणि इथे प्रामाणिकपणा सर्वांत महाग पडतो. 'बंदी आली की विषारी दारू येते' या मुद्द्याला गुजरातचा आधार आहे. जुलै २०२२मध्ये बोटाद परिसरात ४०हून अधिक माणसं गेली. पण जून २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत १००हून अधिक माणसं विषारी दारूने मेली, तिथे कुठली बंदी होती? तिथे दारू मिळत होतीच, गरिबाला ती परवडत नव्हती. मालवणीचं नाव तुमच्या लेखात तुम्हीच काढा. तुम्ही नाही काढलंत तर दुसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रात येईल आणि मग बोटादही वाया जाईल. स्वतः काढलंत तर मुद्दा उलट धारदार होतो: प्रश्न स्वस्त आणि बेकायदा दारूच्या पुरवठ्याचा आहे, बंदी त्याला बाजार मिळवून देऊ शकते, पण बंदी नसली म्हणून तो सुटत नाही.

महसूल बुडतो हा मुद्दा खरा असला तरी पुढे आणू नका. संसार बुडाला म्हणणाऱ्या माणसाला तिजोरीचा हिशेब दाखवणं वाचकाला क्रूर वाटतं, आणि वाचकाचं चुकत नाही.

आधार कुणाचा घ्यायचा

ज्यांना तुम्ही विरोध करता त्यांच्याच आदरस्थानाचा आधार घ्यावा का? यावर मराठीत दोन घराणी आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.

न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सुधारणेच्या बाजूने शास्त्रवचनं काढून दाखवली. संमतिवयाच्या वादातही भांडारकर ग्रंथांचा अर्थ लावत बसले होते. तुमच्या शास्त्रातच हे आहे, असं सांगितलं की वाचकाला आपलं काही सोडावं लागत नाही. आगरकरांनी हा मार्ग नाकारला. उद्या विरुद्ध वचन सापडलं तर काय करणार? एखादी गोष्ट माणसाच्या हिताची आहे की नाही हे बुद्धीने ठरवावं, वचन असो वा नसो, अशी त्यांची भूमिका. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं ते 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार' असं सांगून. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली ती उगाच नाही.

डॉ. आंबेडकरांनी तिसराच मार्ग दाखवला. १९२०च्या 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, १९२७च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांची ओवी. आत मात्र त्यांनी परंपरेची परवानगी मागितली नाही. युक्तिवाद हक्कांचा होता. परंपरेतलं जे आपलं आहे ते उचलून वर मिरवायचं आणि वाद मात्र आजच्या न्यायावर लढायचा. स्तंभलेखकाला मी हाच मार्ग सुचवेन. दारूबंदीच्या लेखात गांधीजींना बंदीविरुद्ध ओढून आणण्याची कसरत करू नका, ते बंदीच्याच बाजूचे होते आणि त्यांच्या सेवाग्रामचा वर्धा जिल्हा आजही बंदीत आहे. गांधीजी मान्य करा आणि वर्ध्यात आज गावोगाव काय मिळतं ते जाऊन बघा.

जाऊन बघा हे शब्दशः घ्या. एक दिवस तिथे घालवलेला लेखक आणि न घालवलेला लेखक यांचा फरक तिसऱ्या वाक्यात कळतो.

लिहिताना

पहिला परिच्छेद कसा बिघडतो ते पाहा:

'दारूबंदीसारखे भाबडे उपाय जगात कुठेही यशस्वी झालेले नाहीत. तरीही लोकानुनयाच्या नादात सरकारने पुन्हा एकदा भावनेला तर्कावर मात करू दिली आहे. मुळात नागरिकांनी काय प्यावं हे ठरवणारं सरकार कोण?'

तीन वाक्यांत तीन चुका. 'जगात कुठेही' सिद्ध करता येणार नाही. 'भावना' हा मोर्चातल्या बाईचा अपमान आहे. आणि 'मुळात' म्हणून तुम्ही वादच बदललात. आता तोच लेख असा सुरू करा:

'मजुरी मिळाल्याच्या दिवशी नवरा घरी येईपर्यंत किराणा भरता येईल की नाही हे सांगता येत नाही, अशा घरातल्या बाईने दुकान बंद करा म्हटलं तर तिचं काय चुकलं? काहीच नाही. प्रश्न पुढचा आहे. दुकानाला कुलूप लागल्यावर त्या रात्री नवरा कुठे जातो, आणि तिथे मिळणारी दारू कोण विकतो?'

मत तेच आहे, फक्त आता ती बाईसुद्धा चौथं वाक्य वाचेल.

विशेषणांवर कात्री चालवा. तथाकथित, स्वयंघोषित, भक्त, पुरोगामी टोळी, हे शब्द लेखात आले की वाचक लेखकाचा पक्ष ओळखून पान उलटतो. 'काही लोक म्हणतात' असंही लिहू नका. कोण म्हणतं, कुठे म्हटलं, केव्हा म्हटलं ते लिहा. तुम्ही पाडत असलेला मुद्दा कुणा जबाबदार माणसाने मांडलेलाच नसेल, फक्त कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये असेल, तर लेखाला विषयच नाही.

मथळा स्वतः सुचवून पाठवा. डेस्कवर घाई असते. तुमच्या संयत लेखाला 'दारूबंदीचं ढोंग' असा मथळा लागला की निम्मे लोक तेवढंच वाचून तुम्हाला शिव्या घालतात, आणि त्या तुम्हालाच पडतात.

'मग काय करायचं?' याला उत्तर हवं

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर देशभर एकच मागणी होती, फाशी. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्ये अहवाल दिला आणि बलात्कारासाठी फाशीची शिफारस करायला नकार दिला. सरकारने काही प्रकरणांसाठी ती तरीही आणली, हे खरं. पण ज्या संतापातून समिती जन्मली त्याचीच मुख्य मागणी नाकारूनही तो अहवाल चळवळीतल्या लोकांनी उचलून धरला. कारण पाठलाग, अ‍ॅसिडहल्ला, चोरून चित्रण यांना स्वतंत्र गुन्हा ठरवा, पोलीस तक्रार नोंदवत नसतील तर त्यांना जबाबदार धरा, असं बरंच काही त्यात होतं. दुखण्यावर दुसरं औषध दिलेलं होतं.

दारूच्या लेखात हा भाग निदान एक चतुर्थांश असावा. महिलांच्या मतदानाने, 'आडवी बाटली' करून, वस्तीतलं दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे; जिल्हाभर बंदीपेक्षा ती कुठे चालते, कुठे अडते ते लिहा. व्यसनमुक्तीचे उपचार तालुक्याच्या रुग्णालयात मिळतात का ते विचारा. आणि गडचिरोलीकडे दुर्लक्ष करू नका. तिथे १९९३पासून बंदी आहे, आणि २०१६पासून 'मुक्तिपथ' या व्यसनविरोधी उपक्रमात बंदीला गावसंघटनांची आणि उपचारांची जोड दिली जाते. हे उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं, तरी घ्या. कदाचित तुमचा निष्कर्ष 'बंदी नको' ऐवजी 'नुसती बंदी नको' असा होईल. तो कमी झणझणीत असला तरी बहुधा अधिक खरा असेल.

राग ताजा असताना

६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२मध्ये बाहेर आला. पोलिसांचा स्वसंरक्षणाचा दावा त्याने फेटाळला. पण त्या पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्याच्या हातात हा अहवाल नव्हता. 'ही चकमक बनावट आहे' असं त्याने तेव्हा लिहिलं असतं तर तो अंदाज ठरला असता, पुढे खरा निघाला तरीही.

त्या दिवशी खात्रीने काय म्हणता येत होतं? चौघांपैकी एकावरही खटला चालला नव्हता. ते पोलिसांच्या ताब्यात होते. त्यांच्यापैकी एखादा निर्दोष असता तर खरा गुन्हेगार मोकळा राहिला असता, आणि हे कळायचा मार्ग आता बंद झाला. एवढ्यावर लेख होतो. राग ताजा असताना तेवढंच लिहा जे त्या दिवशी माहीत आहे, आणि मृत मुलीच्या घरच्यांना समाधान कशात वाटावं याचा उपदेश करू नका.

कायद्याची बाजू, थोडक्यात

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बदनामी कलम ३५६मध्ये, समाजगटांत वैर वाढवणं १९६मध्ये, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं २९९मध्ये. बदनामीच्या कलमाला अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत त्यात येतं. म्हणून निर्णयावर, आदेशावर, भाषणावर लिहा. हेतूंवर लिहू नका. 'मंत्र्यांनी दारू लॉबीसाठी बंदी उठवली' याला पुरावा लागतो. 'बंदी उठवताना सरकारने दिलेली कारणं अपुरी आहेत' याला युक्तिवाद पुरतो.

छापून आल्यावर

पहिले दोन दिवस उत्तर देऊ नका. मग पत्रं, प्रतिक्रिया तीन गठ्ठ्यांत घाला: शिवीगाळ, असहमती, चूक दाखवणारी. पहिला गठ्ठा वाचायची गरज नाही. तिसऱ्याला आधी उत्तर द्या आणि चूक असेल तर जाहीर दुरुस्ती पुढच्याच अंकात मागा. दुसऱ्या गठ्ठ्यातून सर्वांत चांगलं पत्र निवडून संपादकांना ते छापायची विनंती करा.

दमाचा विचार करताना र. धों. कर्वे आठवावेत. १९२७ ते १९५३ त्यांनी संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४च्या खटल्यात आंबेडकर त्यांचे वकील होते आणि तरी ते हरले. मासिक बंद पडलं नाही; वाचकांच्या अडचणींना ते उत्तरं देत राहिले. एका लेखाने मत पालटत नसतं. तीच बाजू दर काही महिन्यांनी नव्या माहितीसह मांडावी लागते.

त्यासाठी फाइल ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला, कोणत्या वर्षाचा, कोणत्या वयोगटाचा हे लिहा. चंद्रपूरवर लिहिलं असेल तर २०२१नंतरचे दारूविक्रीचे, घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींचे आणि अपघातांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवून त्याच फायलीत लावा, तुमच्या लेखाला ते साथ देवोत वा न देवोत. पुढचा लेख तिथूनच सुरू करता येईल.